कपल्स ओन्ली!

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गँगबरोबर पाणीपुरी हाणली आणि अख्खा शनिवार टॉयलेटमध्ये काढला. रूममेट गावी. डोकं लढवलं, पाणी जातंय ना, मग पाणी प्यायचं! बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या. वर एनर्जी हवी म्हणून कोला. संध्याकाळी उठायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी. आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "पाण्यात मीठ-साखर घातलीस का?"

"आई, ते लहान बाळांना देतात गं!"

रात्री सलाइन लागलं तेव्हा अक्कल आली. डॉक्टर हसून म्हणाले, "आई बरोबर सांगत होती. तू पाणी पीत होतास, पण ते अंगात मुरत नव्हतं."

शाळेत 'निवडक्षम पारपटल' पाठ करून मार्क मिळवले होते, अर्थ आत्ता कळला. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर असतो. जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. रेणूंची डोकी पाण्याकडे, तेलकट शेपट्या आतल्या बाजूला. म्हणजे मधे चक्क तेलाची भिंत! ऑक्सिजन, अल्कोहोल त्यातून आरामात पार होतात. मीठ आणि साखर मात्र अडतात. त्यांच्यासाठी भिंतीत प्रथिनांची दारं असतात आणि प्रत्येक दाराचा नियम वेगळा.

आतड्यातल्या अशाच एका दाराचा नियम सॅटरडे नाइटच्या डिस्कसारखा आहे. कपल्स ओन्ली! मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीनं आले तरच एन्ट्री. (नेमकं सांगायचं तर दोन सोडियम आणि एक ग्लुकोज. लव्ह ट्रँगल म्हणा हवं तर.) ते आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. हेच ते शाळेतलं परासरण. नुसत्या पाण्याला असं आत ओढणारं कुणी नसतं. आणि कोल्यात साखर इतकी, की ती उलट अंगातलंच पाणी आतड्यात खेचते.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं. सोडियम-ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी ड्रममधून वाटायला सुरुवात केली. पेशंटना ते पाजलं त्यांच्या नातेवाइकांनीच. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं!

तेव्हा कटिंग लक्षात ठेवता तसं हे माप लक्षात ठेवा. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर घात होतो. चक्कर आली किंवा लघवी कमी झाली तर सरळ डॉक्टर गाठा, माझ्यासारखी हिरोगिरी नको.

माझ्या ड्रॉवरमध्ये आता जलसंजीवनीची दोन पाकिटं असतात. आईला सॉरीही म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी राहू दे, ती पाणीपुरी सोड."

हे वाक्य मात्र माझ्या निवडक्षम पारपटलातून अजून आत शिरलेलं नाही!