उंबरठ्याआतल्या मांजराला जंत कुठून होतात?

"आमचे मांजर घराबाहेर पडत नाही, दूध-भाकरी खाते आणि चुलीपाशी झोपते, मग त्याला जंत कसे झाले?" असे पुष्कळ घरांतून विचारले जाते. वाचकहो, मांजराने उंबरठा ओलांडला नाही, तरी जंतांना आत यायला वाटा अनेक आहेत. त्या वाटा बंद केल्या नाहीत, तर औषध पाजूनही थोड्याच दिवसांत जंत पुन्हा होतात.

पहिली वाट आईच्या दुधाची. मांजरीच्या अंगात गोल जंतांच्या अळ्या दडून बसलेल्या असतात. ती व्याली की त्या दुधावाटे पिलांच्या पोटात उतरतात. म्हणून घरातच जन्मलेल्या पिलालाही जंत असतात.

दुसरी वाट उंदराची. कणगीपाशी उंदीर धरणे हे मांजराचे कामच. पण उंदराच्या मांसात गोल जंतांच्या अळ्या आणि यकृतात चपट्या जंताची गाठ असू शकते. उंदीर खाल्ला की ते मांजराच्या आतड्यात वाढू लागतात. झुरळे खाऊनही गोल जंत होऊ शकतात.

तिसरी वाट पिसवांची. पिसवेची अळी जमिनीवरच्या केरात वाढते आणि तिथे पडलेली चपट्या जंताची अंडी खाते. पुढे तिची पिसू होते व मांजर अंग चाटताना ती गिळते.

चौथी वाट आपल्याच पायांची. गोल जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, पण ओलसर मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात. शेतातून, उकिरड्यावरून येताना ती वहाणांना चिकटून घरात येतात.

जंत झाल्याची खूण अशी : पिलाचे पोट डेऱ्यासारखे दिसते, केस रूक्ष होतात, खाऊनही अंग धरत नाही. उलटीत कधी शेवयांसारखे पांढरे जंत पडतात. शेपटीखाली किंवा अंथरुणावर काकडीच्या बियांसारखे तुकडे दिसले, तर चपटे जंत समजावेत. मात्र काही न दिसताही जंत असू शकतात.

हा प्रश्न मांजरापुरता नाही. मातीत खेळून तसाच हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या पोटात गोल जंतांची अंडी गेली, तर त्यांतल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही शिरतात. डोळ्याला झालेली इजा कायमची राहू शकते. म्हणून पुढील गोष्टी नेमाने कराव्यात.

मांजरासाठी एका घमेल्यात वाळू किंवा राख ठेवावी व घाण रोजच्या रोज काढून खोल पुरावी. ताज्या घाणीतली गोल जंतांची अंडी लगेच बाधत नाहीत; त्यांत अळी तयार व्हायला २ ते ४ आठवडे लागतात. म्हणून रोजच्या सफाईचा फार उपयोग होतो. ही घाण भाजीच्या वाफ्यात टाकू नये. मांजराला राखेत बसायची सवय असते, तेव्हा भांडी घासायची राख झाकून ठेवावी. वहाणा दाराबाहेर काढाव्यात. मांजराचे अंथरूण गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. मांजराला कच्चे मांस घालू नये. मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला लावावेत.

औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून, मांजराचे वजन करूनच घ्यावे. पिलांना तिसऱ्या आठवड्यापासून, आईचे दूध तुटून २ आठवडे होईपर्यंत दर २ आठवड्यांनी, पुढे ६ महिन्यांचे होईपर्यंत दरमहा औषध देतात. पिलांबरोबर आईलाही द्यावे. मोठ्या मांजराला साधारणपणे वर्षातून ४ वेळा देतात. गोल जंतांचे प्रत्येक औषध चपट्या जंतांवर चालत नाही. त्यांसाठी प्राझिक्वांटेलसारखे वेगळे औषध लागते. कोणते जंत दिसले, ते डॉक्टरांना नीट सांगावे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. पिसवा मारायच्या म्हणून गुराढोरांचे गोचिडाचे औषध किंवा कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. त्यांपैकी काहींत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला विषासारखे आहे. अंग थरथरून, झटके येऊन मांजर दगावते. चुकून लागलेच, तर कोमट पाणी व साबणाने अंग धुऊन, मांजराला चाटू न देता तडक दवाखाना गाठावा.