गाडीतली नोंद मालकाच्या हातात द्या

प्रति,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली,
आणि ट्रक, पिकअप व एसयूव्ही बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख

महोदय,

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा भाव ओलांडला. त्या हंगामात जुन्नर-आंबेगावातल्या बऱ्याच घरांनी सोसायटीचं कर्ज फेडलं, कोणी विहिरीचं अर्धवट काम पुरं केलं, आणि काहींच्या दारात नवी गाडी उभी राहिली. कोणी पिकअप घेतली, कोणी ट्रक, कोणी मोठी एसयूव्ही. भाव नंतर उतरला, हप्ते मात्र चालूच राहिले. आज यार्डात चार गाडीमालक एकत्र आले की बाजारभावाच्या पाठोपाठ इंजिनाचा विषय निघतो. जुन्या गाडीचं इंजिन मिस्त्रीच्या हातात होतं, नव्या गाडीचं कोणाच्या हातात आहे तेच कळत नाही, अशी ती काळजी आहे.

आधी एक स्पष्ट करतो. १ एप्रिल २०२०पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांच्या विरोधात हे पत्र नाही. बीएस-४च्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडायची मुभा होती, बीएस-६मध्ये ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. आळेफाट्याच्या चौकात, मंचरच्या एसटी स्टँडबाहेर तो धूर आमचीच मुलं श्वासात घेत होती. नियम हवेत आणि ते कडकच हवेत.

पण तो धूर अडवण्यासाठी डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर जो फिल्टर आला, त्याचं काम कसं चालतं हे गाडी विकताना आम्हाला कोणी सांगितलं नाही. डीपीएफ नावाचा हा फिल्टर काजळी साठवतो. साठा वाढला की इंजिन जादा डिझेल सोडून आतलं तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत नेतं आणि ती काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. पुणे-नाशिक महामार्गावर ते सहज होतं. आमच्या हंगामातली गाडी मात्र वावरातून कच्च्या वाटेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निघते, आठ-दहा किलोमीटरवर यार्डात पोचते आणि रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकत राहते. काजळी जाळायची वेळ येते तेव्हा क्रेट उतरवायला सुरुवात झालेली असते आणि ड्रायव्हर चावी बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

काजळी जाळणं अर्धवट राहतं त्या प्रत्येक वेळी काही न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर त्याची पातळी चढते. पूर्वी ऑइल कमी झालं तर मालक घाबरायचा, आता वाढलं तर घाबरायला हवं, आणि ही गोष्ट जाड मॅन्युअलच्या आतल्या पानावर राहून जाते. पातळ ऑइलवर टर्बो झिजतो, बेअरिंग झिजतात. त्यातच गावच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांचं ऑइल भरलं गेलं, तर त्याची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. ती काजळीसारखी जळत नाही.

युरियाचंही तसंच. धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी ट्रकच्या निळ्या झाकणाच्या टाकीत साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचं द्रावण लागतं. हलक्या प्रतीचं द्रावण पडलं की त्याचे खडे धरतात, सेन्सर बिघडतो आणि गाडीतला संगणक इंजिनाची ताकद कापतो. बादली विकत घेताना ती शुद्ध आहे का, हे तपासायला ट्रकवाल्याकडे काहीही साधन नाही.

मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी ओढेनाशी होते. टोचन करून वर्कशॉपला न्यावी लागते, तिथे लॅपटॉप जोडला जातो आणि थोड्या वेळाने उत्तर येतं: फिल्टर चोक झालाय, किंवा इंजेक्टर गेलेत, किंवा इंजिन उतरवावं लागेल. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं. डिझेल भेसळीचं होतं, नाहीतर गाडी चालवायची पद्धत चुकीची, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही.

या वाक्याला पुरावा काय, एवढंच मला विचारायचं आहे.

कारण पुरावा असतो. फिल्टरमध्ये किती काजळी साठली, ती जाळायचा प्रयत्न किती वेळा झाला, किती वेळा अर्धवट राहिला, दोष पहिल्यांदा कधी दिसला, तेव्हा इंजिनाचं तापमान आणि वेग किती होता, यातलं बरंच काही गाडीच्या संगणकात नोंदलेलं असतं. वर्कशॉपचा माणूस तेच वाचून निर्णय देतो. मालकाच्या हातात मात्र फक्त बिल पडतं. ज्याने लाखो रुपये मोजले त्याला स्वतःच्या गाडीची नोंद मिळत नाही आणि ज्याच्यावर दोषाचा संशय आहे, तोच एकटा ती वाचतो. हा न्याय नाही.

कंपन्यांना प्रामाणिकपणा जमत नाही असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये महिंद्राने आपल्या नाशिक कारखान्यात आलेल्या इंधनाच्या एका खेपेत भेसळ असल्याचा संशय स्वतः जाहीर केला. २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्यांची इंजिनं वेळेआधी झिजू शकतात असं सांगून त्या मोफत तपासायला बोलावल्या. हे योग्यच झालं. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. खराब इंधनाचा संशय तारखेनिशी शोधता येतो. मग आमच्या टाकीतल्या डिझेलवर ठपका ठेवताना मालकासमोर नमुना सीलबंद का होत नाही? तो प्रयोगशाळेत का जात नाही? अहवाल हातात का पडत नाही? डिझेल खरंच भेसळीचं निघालं तर आम्ही पंपवाल्याला जाब विचारू.

मंत्रालयाला आता थेट विनंती. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ने कलम ११०-अ आणलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू होतात. तक्रारींची ठरलेली संख्या गाठली की चौकशी होऊ शकते. पण इंजिन बंद पडणं ही निव्वळ गैरसोय नाही, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे आधी मान्य व्हायला हवं. माळशेज घाटात पावसाळी धुक्यात भरलेला ट्रक चढावर अचानक ताकद सोडतो तेव्हा मागे एसटी असते. एसयूव्हीचं इंजिन उतारावर बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. भीमाशंकरला जाणाऱ्या डिंभ्याच्या पुढच्या वळणांवर हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

अमेरिकेत हा मुद्दा असाच पाहिला जातो. २०२४ मध्ये टोयोटाने टंड्रा आणि लेक्सस एलएक्सच्या सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या, कारण कारखान्यात इंजिनाच्या आत धातूचे कण राहून गेले होते. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधल्या दोषामुळे तिथल्या जवळपास सहा लाख मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या. चालत्या गाडीची ताकद जाणं म्हणजे अपघाताचा धोका, ही त्यामागची भूमिका. तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेकडे आलेल्या तक्रारी मॉडेलनुसार कोणालाही वाचता येतात. ओतूरच्या माणसालाही गाडी बुक करण्याआधी त्याच मॉडेलबद्दल किती जणांनी काय लिहिलंय ते मराठीत वाचता आलं पाहिजे.

ग्राहक आयोगात जा, असं आम्हाला सांगितलं जातं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली, ती चांगली आहे. पण व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. अपवाद फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याचा. एक ट्रक आणि पगारी ड्रायव्हर असलेल्या विधवा बाईने आधी आपण ग्राहक आहोत हेच सिद्ध करत बसायचं का? इंजिनाचा विषय तर त्यानंतर निघणार. एक-दोन मालवाहू गाड्यांच्या मालकांना ग्राहक मानावं, यासाठी ग्राहक व्यवहार विभागाशी आपण बोलावं.

एक कटू गोष्टही लिहिलीच पाहिजे. वैतागून काही मालक फिल्टर कापून काढतात आणि संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून घेतात. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि धूर पुन्हा गावात येतो. माझ्या गाडीमालक बंधूंनी हे करू नये. पण पकडून दंड केल्याने हे थांबणार नाही. फिल्टर वॉरंटीत आणि वाजवी खर्चात साफ होण्याची सोय नारायणगाव, मंचरपर्यंत यायला हवी.

आता कंपन्यांना विनंती. चाकणचे कारखाने मंचरपासून तीसेक किलोमीटरवर आहेत, त्याच पुणे-नाशिक महामार्गावर. टोमॅटोच्या हंगामात आपले अभियंते यार्डाच्या रांगेत पाठवा, आमच्या गाड्यांत बसवा. एआरएआयसारख्या चाचणी संस्थांनी रांगेत सरकणाऱ्या आणि घाटात चढणाऱ्या भरल्या गाडीची टिकाऊपणाची चाचणी घ्यावी. गाडी ताब्यात देताना फिल्टर, ऑइल आणि युरियाचे नियम एका पानावर मराठीत द्या आणि ते ड्रायव्हरला समजावून सांगा. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडीच्या संगणकातली पूर्ण नोंद छापील स्वरूपात मालकाला देणं मंत्रालयाने सर्व कंपन्यांना सक्तीचं करावं. ती नोंद न देता वॉरंटी नाकारली, तर तो नकार ग्राह्य धरू नये, असा नियम मंत्रालयाने पुढच्या टोमॅटो हंगामाआधी काढावा.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक टोमॅटो उत्पादक आणि गाडीमालक