काळीची पांढरी करणारे

मावळतीच्या छायाचित्रांना अलीकडे एक रोग जडला आहे आणि त्याला ‘समतोल’ असे गोंडस नाव मिळाले आहे. आकाश फार उजळ आले ना, मग ते खाली ओढा. जमीन फार काळी पडली ना, मग ती वर उचला. दोन्ही एका पातळीवर आली की समाधानाने संगणकापुढून उठा! येलदरीच्या जलाशयाची, गंगाखेडच्या गोदाकाठाची, जिंतूरकडच्या माळरानाची जी चित्रे आज हातोहात फिरतात, त्यांतील कितीतरी चित्रांत वर सूर्य मावळत असतो आणि खाली शेतात मात्र भर दुपार असते. ही प्रकाशाची लबाडी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम सोवळ्या मंडळींचा निकाल लावू. कॅमेऱ्याने टिपले तेच सत्य, त्याला पुढे हात लावणे म्हणजे पाप, असे मानणारा एक पंथ आहे. या पंथाला डोळा कसा पाहतो याची कल्पना नसावी. आपली नजर आकाशावरून शेताकडे वळते तेव्हा बाहुली लहानमोठी होते आणि मन दोन्हींचा मेळ घालते. कॅमेऱ्याला मात्र एका क्षणी सगळ्या चित्रासाठी एकच माप लावावे लागते. 1850 नंतरच्या दशकात काचेच्या पट्ट्या निळ्या प्रकाशाला अतोनात संवेदनशील असत, त्यामुळे आकाश कोरेच निघे. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने काही सागरचित्रांत समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडल्या. संस्कार हा या कलेचा जुना सोबती आहे. तो करावा की नाही हा वादच नाही. तो कशासाठी करावा, एवढाच वाद आहे.

आता परभणीकडे या. कोकणच्या किनाऱ्यावर पाणी आणि ओली वाळू आकाशाचा बराचसा उजेड परत देतात. आमची कापसाची काळी जमीन उजेड गिळते. त्यामुळे सायंकाळी आकाश आणि रान यांतील अंतर येथे अधिकच वाढते. त्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मधल्या राखाडी रंगाला प्रमाण मानून चालणारा. चौकटीत काळे रान भरले की त्याला वाटते, उजेड कमी पडला. तो उजेड वाढवतो, रान राखी होते आणि वरचे आकाश जळून जाते. नेहमीच्या चित्रात प्रत्येक रंगाची मोजणी 0 ते 255 अशी असते. तिन्ही रंग 255 ला टेकले की तेथे आकाशाचा तपशील उरतच नाही. मागाहून तो भाग कितीही खाली ओढा, सूर्याच्या जागी राखेचा ठिपका मिळेल, सूर्य मिळणार नाही. आजचे फोन तर अनेक चित्रे एकत्र करून सावल्या आपणहून उजळतात. निर्णय माणसाने घ्यायच्या आतच तो घेतला गेलेला असतो.

आपल्या खेड्यांत वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. हे दोन शब्द ज्याच्या कानावरून गेले आहेत, त्याला या यंत्राचा अपराध वेगळा समजावून सांगायला नको. ते काळीची पांढरी करते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सावल्या उजळल्या नाहीत तर शेतातून परतणारी मजूर बाई म्हणजे नुसती काळी आकृती होते. कबूल! कॅलेंडरांनी बैलगाडी आणि मजूर यांच्या अशा निनावी आकृत्या करून पुष्कळ स्वस्त काव्य विकले आहे. तिचा चेहरा ओळखू येईल इतका उजेड तिला जरूर द्या. पण तो सूर्याच्या खिशातून काढू नका. तिने कपाळावर आडवा हात धरला आहे तो समोरच्या तिरिपीमुळे. तुम्ही तिरीप मारलीत, आता तो हात कशासाठी?

सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. 1945-46 च्या सुमाराचे ते काम. जलरंगात कागदापेक्षा उजळ काही नसते. मग बोटांच्या आडची ती ज्योत इतकी जिवंत कशाने वाटते? भोवतीच्या अंधाराने. त्यांनी साडीपासून भिंतीपर्यंत सारे सारखे उजळले असते, तर दिवा विझला असता. दिवाळीच्या दिवसांत हे कोणाला सांगावे लागू नये.

तेव्हा आमचे म्हणणे थोडके आहे. छायाचित्र घेतानाच आकाशाचे माप धरा, म्हणजे उजळ भाग जळणार नाही. जमेल तर कच्च्या फाइलवर काम करा, कारण तिच्यात छटा अधिक उरतात. नंतर जमीन हळूहळू वर आणा आणि बाभळीच्या कडेला पांढरी प्रभा दिसू लागली की हात आखडा. अंतर कमी करा, पण क्रम मोडू नका. सूर्य सर्वांत उजळ, मग आकाश, मग पाणी, मग माणूस आणि सर्वांत शेवटी काळी.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढा आवाज चढवला नसता. परंतु ओली काळी कोरडीहून अधिक काळी दिसते. शेतकरी नांगरटीकडे बघून ओल किती आहे याचा अंदाज बांधतो तो या काळेपणावरूनच. सगळे रान एकाच तपकिरी उजेडात आणणाऱ्याने पाऊस पडलेले शेत आणि न पडलेले शेत एक करून टाकले. ज्यांनी मराठवाडा कधी पायाखाली घातला नाही, अशी पुष्कळ माणसे तो चित्रांतूनच ओळखतात. त्यांच्यापुढे कोरड्याचे आणि ओल्याचे अंतर पुसून ठेवायचे आणि त्याला समतोल म्हणायचे, हे आम्हांला मंजूर नाही.