ढाल कोणासाठी?

घरफोडी करताना घरमालकाच्या गोळीने जखमी झालेल्या चोराने त्याच घरमालकाकडे नुकसानभरपाई मागावी, हा कोणालाही उफराटा न्याय वाटेल. ब्रिटनमध्ये असा दावा उभा राहिला आणि त्यातून कायदाच बदलला. मात्र या बदलाचा लाभ कोणाला झाला, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

नॉरफोक परगण्यातील शेतकरी टोनी मार्टिन यांच्या घरात ऑगस्ट १९९९ मध्ये रात्री दोघे चोर शिरले. मार्टिन यांच्या गोळीबारात १६ वर्षांचा एक मुलगा ठार झाला, तर त्याचा साथीदार जखमी झाला. मार्टिन यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली; २००१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची मानसिक अवस्था विचारात घेऊन गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरवला आणि शिक्षा पाच वर्षांवर आणली. पुढे जखमी साथीदाराने भरपाईचा दावा लावला. त्यासाठी त्याला सरकारी खर्चाने कायदेशीर साहाय्य मिळाल्याचे समजताच लोकक्षोभ उसळला. २००३ मध्ये हा दावा मागे घेतला गेला.

त्याच वर्षीच्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टमध्ये कलम ३२९ आले. तुरुंगवासास पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीस त्याच प्रसंगी झालेल्या बळाच्या वापराबद्दल दावा लावायचा असेल, तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. स्वतःचा, दुसऱ्याचा वा मालमत्तेचा बचाव किंवा गुन्हेगाराला पकडणे आवश्यक आहे, असे प्रतिवादीला वाटत होते आणि त्याने वापरलेले बळ प्रमाणाबाहेर, अगदीच अवाजवी नव्हते, तर तो दायित्वातून सुटतो. घरमालकाप्रमाणेच मदतीला धावलेल्या वाटसरूलाही हे संरक्षण आहे.

अडचण निराळीच आहे. प्रतिवादी खासगी नागरिकच असला पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही. अटकेच्या वेळी गंभीर जखमी झालेल्या एका माणसाने लंडन पोलिसांवर दावा लावला, तेव्हा पोलिसांनी याच कलमावर बोट ठेवले. त्याचा सिद्ध झालेला गुन्हा होता पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा. पूर्वपरवानगी नव्हती एवढ्यावरून दावा निकालात काढता येणार नाही, असे अपील न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. परंतु कलमाचे शब्द पोलिसांनाही लागू पडतात, हे स्पष्टच झाले.

मध्यरात्री दार फुटल्यावर क्षणार्धात निर्णय घेणाऱ्या गृहस्थाला कायद्याने झुकते माप द्यावे, यात गैर काही नाही. त्याच्याकडे ना प्रशिक्षण असते, ना कुमक. पोलिसांकडे दोन्ही असते आणि बळ वापरण्याचा अधिकारही असतो. म्हणूनच त्यांच्याकडून अधिक कठोर हिशेब मागितला पाहिजे. एका प्रकरणाच्या संतापात केलेल्या कायद्याने हा भेद केला नाही. पीडिताचे संरक्षण हवेच. पण ते नागरिकापुरते मर्यादित आहे असे कलमात लिहिले असते, तर घरमालकाचे काहीच बिघडले नसते.