भागिले चार

माझा राग एका सूत्रावर आहे, आणि ते सूत्र मीच लिहिलेलं आहे.

वाकडच्या टू बीएचकेत आम्ही चौघं राहायचो. हॉस्टेलची सवय सुटली नव्हती, त्यामुळे हाका गावाच्या नावानेच. मी सांगली, बाकीचे अकोला, चिपळूण आणि परभणी. घरातल्या सामानाची एक शेअर्ड शीट होती. संपलेलं ज्याला दिसेल त्याने लिहायचं, ज्याने आणलं त्याने रक्कम टाकायची. महिनाअखेरीला सगळ्याची बेरीज, भागिले चार. कोणी कोणाला किती पाठवायचे ते शीटच सांगायची, यूपीआय केलं की विषय संपला. ना वाद, ना मागे लागणं. ऑफिसमध्ये मी ही शीट कौतुकाने दाखवायचो.

मग एका रविवारी परभणी म्हणाला, ''मी डबा लावतोय पुढच्या महिन्यापासून. मला यादीतून काढा.''

''का रे? जेवण आवडत नाही का?''

''आवडतं की. पण नाही परवडायलं रे आता.''

आम्ही तिघं गप्प बसलो. स्वतःच्याच घरात एका मित्राला वरण-भात परवडत नव्हता आणि आमच्या शीटमध्ये एकही एरर नव्हता.

त्या रात्री मी शीटची व्हर्जन हिस्टरी उघडली. कोणी कधी कोणती ओळ घातली, सगळं त्यात दिसतं. सुरुवातीच्या महिन्यांत परभणीच्या ओळी सगळ्यात जास्त होत्या : तूरडाळ, शेंगदाणे, कांदे, मीठ, भांड्यांचा साबण. हळूहळू त्या कमी झाल्या. शेवटच्या तीन महिन्यांत त्याने एकही ओळ घातलेली नव्हती. आमच्या ओळी मात्र वाढत होत्या : चीज स्लाइस, ग्रीक योगर्ट, पीनट बटर, ओट्स, बदामाचं दूध, एवोकाडो. एवोकाडो मीच लिहिलं होतं. आम्ही लिहीत होतो आणि तो भरत होता. मग आठवलं, अलीकडे फ्रीज उघडला की तो विचारायचा, ''हे कुणाचं आहे?'' त्यातल्या प्रत्येक वस्तूचा चौथा हिस्सा त्याने भरलेला असायचा, तरी विचारायचा.

आता आकडे बघू, कारण आमच्या पिढीला आकडे दाखवल्याशिवाय पटत नाही. एकत्र राहायला लागलो तेव्हा चौघांचे पगार 25,000च्या आसपास होते आणि घरखर्च महिन्याला 11,200, म्हणजे डोक्यामागे 2,800. सगळे सारखेच कडके, त्यामुळे भागिले चार रास्त होतं. पुढे आम्ही तिघांनी नोकऱ्या बदलल्या. परभणी काँट्रॅक्टवर टेस्टिंगमध्ये अडकला, तो 28,000वर पोचला. माझा पगार 1,12,000 झाला. घरखर्च 22,400वर गेला, म्हणजे डोक्यामागे 5,600. हे माझ्या पगाराचे 5 टक्के होतात आणि त्याच्या पगाराचे 20. त्यातून तो घरी पैसे पाठवायचा, ते वेगळंच. पगार बदलले, यादी बदलली, सूत्र मात्र तेच राहिलं.

यात नवीन काहीच नाही. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने (मार्क्सचा मित्र एंगल्स तो वेगळा) बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाचे आकडे तपासून 1857 साली मांडलं होतं की घर जितकं गरीब, तितका त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा अन्नावर जातो. आम्ही चार अभियंते एका छताखाली राहून त्याचा पुरावा तयार करत होतो आणि त्याला 'फेअर स्प्लिट' म्हणत होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. समान वाटणी म्हणजे समानता नव्हे. ज्याचा खिसा मोठा, तो यादी लिहितो. ज्याचा लहान, तो आधी गप्प होतो आणि मग निघून जातो. आणि हे सगळं भांडणाशिवाय होतं, म्हणून आपल्याला वाटतं की आपलं छान चाललंय.

यावर माझ्यासारख्या लोकांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ज्याने खाल्लं त्याने भरावं. प्रत्येक वस्तूला टॅग लावा. आम्ही हेही करून पाहिलं होतं. एका महिन्यात ऑम्लेटमधल्या चीजवरून चर्चा झाली, दुसऱ्या महिन्यात पाहुण्याने प्यायलेल्या दुधावरून. दुधाच्या पातेल्यावर नजर ठेवणारं घर मला तरी नको. शिवाय या पद्धतीत ज्याच्याकडे पैसे कमी, तो चौघांच्या टेबलावर बसून वेगळं ताट जेवतो. ते तर अजून वाईट.

दुसरं उत्तर : ''मग त्याने बोलायला हवं होतं ना!'' का बोलावं? तीन मित्रांसमोर 'मला हे झेपत नाही' म्हणायला काय लागतं, ते तुम्ही एकदा म्हणून बघा. जी व्यवस्था चालवण्यासाठी सगळ्यात अडचणीतल्या माणसालाच तोंड उघडावं लागतं, ती व्यवस्थाच चुकीची आहे.

शीटमध्ये आणखी एक गोष्ट नव्हती. भाजी परभणी आणायचा. रविवारी पिशव्या घेऊन पिंपरीच्या मंडईत जायचा, भाव करायचा, आठवड्याची भाजी निवडून ठेवायचा. डाळ संपत आलीय हे त्यालाच आधी कळायचं, गॅसचा नंबर तोच लावायचा. या कामाची किंमत आमच्या हिशेबात शून्य होती. तो गेल्यावर आम्ही कोथिंबीरसुद्धा दहा मिनिटांत दारात मागवायला लागलो. प्रत्येक छोट्या ऑर्डरवर डिलिव्हरीचे पैसे, हाताळणीचे पैसे. माणसं तीन झाली तरी भाजीचा खर्च वाढला. तो आमचे पैसे वाचवत होता, आणि वर त्याच्याकडूनच आम्ही एवोकाडोचा हिस्सा घेत होतो.

माझे आजोबा शिराळ्याहून मुंबईला गिरणीत कामाला गेले होते. गावकीच्या खोलीत पाळ्या लावून झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. ते सांगायचे की काम सुटलेल्या माणसाचं ताट बंद होत नसे. खानावळवाली मावशी हिशेब लिहून ठेवायची आणि काम लागलं की घ्यायची. ते दिवस सोनेरी होते असं मी म्हणत नाही. खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, आणि त्या मावशांच्या कष्टांना कोणी काम मानत नव्हतं. म्हणूनच 1975 साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट मोकळी केली. पण त्या वहीत एक गोष्ट होती जी माझ्या शीटमध्ये नव्हती. वही लिहिणारीला ठाऊक असायचं की या महिन्यात कोणाची ओढाताण आहे.

मग करायचं काय? पगाराच्या स्लिपा भिंतीला लावायच्या? नाही. आम्ही आता तीन नियम केलेत.

पहिला, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने आपल्याला झेपेल तो महिन्याचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, नाव न घालता. सगळ्यात लहान आकडा तोच सगळ्यांचा. पहिल्या वेळी 3,200 निघाला. कोणाचा, ते विचारलं नाही. सामाईक यादी त्या आकड्यात बसवायची. त्यापलीकडचं ज्याला हवं त्याने स्वतःच्या पैशाने आणायचं, आणि फ्रीजमध्ये ठेवलंच तर हिशेब मागायचा नाही.

दुसरा, यादीतली कोणतीही ओळ कोणीही खोडू शकतो. 'का?' विचारायचं नाही.

तिसरा, बाजार हे काम आहे. ज्याची पाळी असेल तो जाईल. पाळी टाळायची असेल तर जो गेला त्याच्या वाट्यातले 300 रुपये टाळणाऱ्याने भरायचे. किराणा महिन्यातून एकदाच, कोपऱ्यावरच्या दुकानातून, सुटा. पाकीट घ्यायचंच तर एमआरपीच्या जवळ छापलेला किलोचा किंवा ग्रॅमचा दर आधी बघायचा.

3,200मध्ये चार जणांचं नीट भागतं. पोळ्या, वरण, उसळ, दोन भाज्या, अंडी, दूध, रविवारी चिकन. एवोकाडो त्यात बसत नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडलेलं नाही.

''हे म्हणजे सगळ्यांना गरीब करणं झालं,'' असं अकोला म्हणाला होता. माझा उरलेला पगार माझ्याच खात्यात आहे, कोणी काढून घेतलेला नाही. फक्त माझ्या चवीचं बिल दुसऱ्याच्या खिशातून जायचं थांबलंय.

परभणी आता थेरगावात कॉट बेसिसवर राहतो. नियम बदलल्यावर मी त्याला फोन केला, परत ये म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. ''चांगलं केलं भावा,'' म्हणाला, ''पण इथं डिपॉझिट भरून बसलोय.'' खरं कारण तेच होतं का, हे मी विचारलं नाही.

तुमच्याही फ्लॅटची अशी यादी असेल, फोनमध्ये किंवा ग्रुपवर पिन केलेली. आज ती उघडा. काय संपलंय ते नंतर बघा. आधी हे बघा की गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणी एकही ओळ लिहिलेली नाही. सापडला, तर त्याला पैशांबद्दल काही विचारू नका. रविवारी पिशवी घेऊन त्याच्याबरोबर मंडईत जा, आणि घरी आल्यावर ते सूत्र बदला.