मैदान सगळ्यांचे, खराटा कुणाचा?

आमच्या जिल्ह्याच्या गावी पोलीस मुख्यालयाचे मैदान आहे. लोक त्याला 'परेड ग्राऊंड' म्हणतात. शाळेत मी आर.एस.पी.चा शिक्षक होतो, त्यामुळे मुलांना घेऊन तिथे कितीतरी २६ जानेवाऱ्या काढल्या. आता सकाळची फेरी त्याच्याच कडेने असते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहायचा थोडासा हक्क मला आहे, असे धरून चालतो.

हे मैदान वापरतात कोण कोण? पोलिसांची परेड आणि भरती आहेच. शिवाय होमगार्डची कवायत, एनसीसीची मुले, अग्निशमन दलाची प्रात्यक्षिके, शाळांच्या स्पर्धा. मंत्री आले की हेलिकॉप्टरही इथेच उतरते! आणि देखभाल? धावपट्टीवर खड्डे, नळाला तोटी नाही, मुलींसाठीच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. प्रत्येक खाते म्हणते, "आम्ही तर वर्षातून चारच दिवस येतो." मैदान झाडणारे एक हवालदार मला एकदा म्हणाले, "सर, मैदान सगळ्यांचं, खराटा मात्र माझा एकट्याचा."

तुम्ही म्हणाल, एका मैदानाचे एवढे काय? तर ऐका. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सेकंदांवर गुण असतात. जून २०२४ मध्ये साडेसतरा हजारांच्या आसपास जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते आणि मैदानी चाचण्या ऐन पावसात सुरू झाल्या. चिखलामुळे काही ठिकाणी तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. शेतमजुराचा मुलगा दोन वर्षे पहाटे उठून तयारी करतो आणि त्याचे नशीब ठरते ते पाण्याचा निचरा कुणी केला नाही यावर! माझे काही विद्यार्थी या वाटेने गेलेत, म्हणून जरा जास्त लागते.

त्याहून काळजीची गोष्ट गोळीबाराच्या सरावाची. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक उघड्या हातांनी धरली. त्या शौर्यापुढे आपण सगळेच नतमस्तक आहोत. पण शौर्यावर किती दिवस भागवायचे? नंतर नेमलेल्या प्रधान समितीनेही सरावासाठी काडतुसे कमी पडत असल्याकडे बोट दाखवले होते. काडतुसे मिळाली तरी नेमबाजीला जागा लागते. तिथे निशाणांमागे मातीचा उंच बांध असतो. पावसाने तो खचला की गोळीबार बंद ठेवावा लागतो, पोलिसांचाही आणि.२२ रायफल चालवायला आलेल्या एनसीसीच्या मुलांचाही. बांध बांधायला मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात रकाना नसतो.

यावर काहीजण सोपा उपाय सुचवतात : पोलिसांचे मैदान पोलिसांपुरते ठेवा, बाकीच्यांना बंद करा. मला हे अजिबात पटत नाही. नववीतली मुलगी महिला पोलिसांच्या तुकडीमागून संचलन करते, तेव्हा तिच्या मनातली पोलिसांची भीती जाते. हे वर्गात शिकवून होत नाही, मी करून पाहिले आहे. शिवाय प्रत्येक खात्याला वेगळे मैदान द्यायला जमीन आहे कुठे?

आमच्याकडे शेतातल्या सामायिक विहिरीची रीत आहे. कुणाचा किती हिस्सा ते सातबाऱ्यावर लिहिलेले असते, पाणी पाळीने घ्यायचे आणि गाळ काढायचा खर्च हिस्स्याप्रमाणे. भावाभावांत भांडणे होतात, नाही असे नाही. पण विहीर बुजत नाही. सरकारी खात्यांनी एवढे तरी करावे. कुणी किती दिवस वापरले याची एक वही ठेवा आणि त्या प्रमाणात वर्षाचा वाटा घ्या. वाटा पैशांतच हवा असे नाही. होमगार्ड श्रमदान देतील, अग्निशमन दल टँकरने पाणी मारून देईल. शाळांकडून मात्र काही घेऊ नये (हा माझा पक्षपात समजा हवे तर!). आणि हे सगळे सही-शिक्क्यानिशी लिहून ठेवा, कारण आज होकार देणारे साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि नवे साहेब विचारतात, "असे कुठे ठरले होते?"

आणखी एक. भरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी अकादम्या रोज पहाटे पन्नास-पन्नास मुले याच मैदानावर पळवतात. मुलांकडून फी घेतात, मैदानाला दमडी देत नाहीत. त्यांच्याकडून आधी घ्यावे. यंदा पावसाळ्यापूर्वी धावपट्टीच्या खालच्या अंगाला चार ट्रॉल्या मुरूम टाकायला हवा. त्यांनी दोन दिल्या तरी निम्मे काम होईल.