अण्णांचे कान

वर्षभर या पानावर मी शब्दांविषयी लिहितो. दिवाळीला तरी माणसाने पुस्तकांच्या ढिगातून बाहेर पडावे, म्हणून यंदा वाचकांना मालवणजवळच्या धामापूरच्या तळ्यावर नेतो.

आधी एक कबुली. गेली वीस वर्षे वर्गात मी चकोर, चातक आणि चक्रवाक मोठ्या आत्मविश्वासाने उडवीत आलो आहे. ज्ञानेश्वरांच्या चकोरावर तर माझा एक तास ठरलेलाच! दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, चकोर आपल्याकडे दिसतो का हो?" मी घसा साफ केला आणि म्हणालो, "काव्यात दिसतो." वर्ग हसला, मीही हसलो, पण घरी पोचेपर्यंत ते हसू काही टिकले नाही. मग दुर्बीण घेतली, पक्ष्यांचे पुस्तक घेतले. चकोर हा हिमालयाकडचा डोंगरी पक्षी; चातक मात्र पावसाळ्यात आपल्या कोकणातही येतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. मी पिशवी भरून निघालो, तर दारात अण्णा काठी घेऊन उभे. अण्णा म्हणजे माझे वडील. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने त्यांची नजर नेली; आता उजेड आणि सावली एवढेच कळते.

"मी पण येतंय."

"अण्णा, मी पाखरां बघूक जातंय."

"तू बघ. मी आयकतलंय."

यावर कोणता मुलगा काय बोलणार?

चौके मागे टाकून आम्ही धामापुरात उतरलो. डोंगरांच्या कुशीत मातीचा बांध घालून अडवलेले हे पाणी. काठावर भगवतीचे देऊळ. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने हे तळे बांधले. पावणेपाचशेहून अधिक पावसाळे त्या बांधाने झेलले. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. गावात एक आख्यायिका सांगतात. लग्नकार्य निघाले की तळ्याकाठी फुलांची परडी ठेवावी, तळे दागिने उसने देई. कार्य झाले की ते परत करायचे. पुढे कुणा लोभ्याने ते परत केले नाहीत आणि तळ्याने देणे थांबवले.

देवळाच्या पायरीवर अण्णांना बसवले आणि मी दुर्बीण डोळ्यांना लावली. काठीवर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. पलीकडे काळसर ठिपक्यांचा थवा पाण्यावर तरंगत होता. बदके खरी, पण कोणती? मी पुस्तकाची पाने उलटू लागलो. इतक्यात थवा उठला आणि बारीक शिट्ट्यांचा गलका डोक्यावरून गेला.

"अडई," अण्णा म्हणाले. "शीळ आयकलंस मां?"

मला पान सापडेपर्यंत थवा दुसऱ्या काठाला टेकला होता. नाव बरोबर होते.

मग असेच चालले. झाडीतून खोल, घुमणारा आवाज आला. पुस्तकातला भारद्वाज अण्णांच्या तोंडी 'कुकुडकोंबो' झाला. पंखांचा मोठा फडफडाट करीत धनेशाची जोडी गेली, अण्णा मान वर करून म्हणाले, "ककणेर! दोन आसत." मी दुर्बिणीने मोजले. दोनच होते.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) आयुष्यभर रानातल्या माणसांकडून अशीच नावे टिपत राहिले, आणि त्यांतून 'पक्षिकोश' उभा राहिला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या वनाधिकाऱ्याला मिळाले, ते योग्यच झाले. आणि मी मराठीचा प्राध्यापक! माझ्याच घरात एक कोश काठी टेकत फिरत होता, त्याचे पान मी कधी उघडले नव्हते. तिथल्या तिथे हजेरीची जुनी वही काढली आणि लिहू लागलो.

दुपारी दशम्या खाल्ल्या. काठच्या पाणवनस्पतींच्या पानांवर लांब बोटांचा एक कमळपक्षी तोल सांभाळीत चालत होता. तो काही आवाज करीना, म्हणून मी अण्णांना पुस्तकातली माहिती वाचून दाखवली. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवायची, पिल्ले वाढवायची, सारे नराने.

वाचता वाचता माझा आवाज थोडा अडखळला. मी सात वर्षांचा असताना आई गेली. शाळेला जाण्याआधी चुलीपुढे बसून पेज शिजवणारे अण्णा मला आठवले. शर्टाचे बटण लावताना सुई बोटात घुसली, की 'काय नाय रे' म्हणणारे अण्णा.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पिल्लां जगतत मां त्याची?"

"जगतत, अण्णा."

"मगे झाला तर."

उन्हे कलली. पाणी आधी पिवळे, मग काळे झाले. आमच्या कागदपिशव्या मी गोळा केल्या, अण्णांचा हात धरला. वहीत अकरा नावे जमली होती. जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या मुलीला ती वही आधी दिली, चकोराच्या तासाआधी.

परतीच्या एसटीत अण्णांना डुलकी लागली होती. चौक्याला गाडीने गचका दिला, तसे ते जागे झाले आणि मला कोपराने ढोसत म्हणाले, "अरे, ककणेर लिवलंस मां?"

"लिवलंय, अण्णा."

"सकाळचो पाणकावळो?"

तो राहिला होता. तेवढा मी एसटीच्या अंधारात लिहिला.